आठ पाचरींची फ्रेम

धोंडप्पाला आडत दुकानातून हाकललं, ते तुरीचा कट्टा मोजताना तो मोठ्यानं खरं बोलला म्हणून. शेतकरी समोर उकिडवा बसलेला, काटा हलतोय, आणि थोरला भाऊ ईश्वरप्पा ताजव्याला बोट लावून उभा. धोंडप्पा भाबडेपणानं म्हणाला, "अण्णा, बोट लागायलंय तुमचं." ईश्वरप्पानं हसून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवसापासून धाकट्याला दुकानाची पायरी बंद केली. घर एकच राहिलं, चूलही एकच. फक्त घरात एक मालक आणि एक फुकटखाऊ अशी वाटणी झाली, आणि ती लातूरच्या सगळ्या गंजगोलाई बाजाराला ठाऊक झाली.

बहात्तर साली, त्या मोठ्या दुष्काळात, धोंडप्पाची बायको जुलाबानं गेली. मागे सहा वर्षांची जगदेवी राहिली. दुसरं लग्न कर म्हणून त्याला कुणी म्हटलं नाही. दुकानातून हाकललेल्या माणसाला कोण मुलगी देणार? मग पोरीची वेणी घालणं, तिला शाळेत सोडणं, तिच्या डोक्यातल्या उवा काढणं हे सगळं तोच करायचा. भावजय कमलम्मा म्हणायची, "आमचे भावजी बाईमाणूसच हायेत." हे ती त्याच्यासमोर म्हणायची. मागे काय म्हणत असेल ते देव जाणे.

फ्रेमांचं काम त्याला लागलं ते समोरच्या घरातल्या भुजंग मास्तरांमुळे. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी कॅनव्हासवर चित्रं काढायचे. कॅनव्हास म्हणजे तरी काय, जाड मांजरपाट. त्याला सरस आणि खडूच्या भुकटीचा हात दिला की झालं. पण तो ताणून बसवायला लाकडी फ्रेम लागते आणि ती हैदराबादेहून आणणं मास्तरांच्या खिशाला झेपत नव्हतं. धोंडप्पानं एक जुनी फ्रेम उलटी करून पाहिली. चार पट्ट्या, चार तिरके काप. पट्टीची आतली कड रंध्यानं उतरती करायची, म्हणजे लाकडाचा वळ कापडावर उठत नाही. बारीक चुका ठोकायच्या त्या मधून कोपऱ्याकडे, एक या बाजूला, एक समोरच्या. मास्तर चहा पिऊन येईपर्यंत त्यानं साबणाच्या खोक्याच्या फळ्या चिरून तशीच एक केली आणि तिच्यावर मांजरपाट ताणून बसवला. मास्तरांनी ती टिचकी मारून पाहिली. कापड डफासारखं वाजलं.

तेव्हापासून घराचा मागचा सोपा म्हणजे धोंडप्पाचा कारखाना. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि मास्तरांची चित्रं अचानक खपायला लागली. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, साहेबांच्या नव्या कोऱ्या भिंती. साहेबांच्या बायकांनाही चित्रं काढायचा नाद लागला. त्या सगळ्यांना स्वस्तातली फ्रेम पाहिजे आणि स्वस्तातली फ्रेम करणारा माणूस गावात एकच. पुढे परत दुष्काळ पडला तेव्हा लाकूडही स्वस्त झालं. खेड्यापाड्यातून माणसं बाजा, दारं, बैलगाडीचे साटे वखारीत जळणाच्या भावानं टाकून जायची. धोंडप्पा वखारीत जाऊन त्यातली सरळ रेषेची लाकडं निवडायचा आणि आणताना मान खाली घालायचा. जे मिळायचं ते कमलम्माच्या हातावर ठेवायचा. एवढं करून फुकटखाऊ हे नाव काही पुसलं गेलं नाही.

उलट ईश्वरप्पाचा त्रागा वाढला. जिल्ह्याच्या गावातला आडत्या, दारात साहेबलोकांच्या जीपा, आणि मागच्या सोप्यात सख्खा भाऊ रंधा मारतोय! जगदेवी विशीची झाली. तीन स्थळं आली आणि तिन्ही एकाच प्रश्नावर मोडली. मुलीचे वडील काय करतात? सुतारकाम करतात म्हटल्यावर पाहुणे एकमेकांकडे बघायचे. वाण्याच्या घरात सुतारकी कुठून आली? रक्तात काही भेसळ तर नाही? पोहे संपवून उठायचे ते परत निरोप नाही. तिसऱ्या वेळी जगदेवी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली, दोन दिवस बापाशी बोलली नाही. धोंडप्पा तिच्या उशाशी ताटली ठेवून जायचा आणि तशीच उचलून आणायचा.

चौथं स्थळ नांदेडचं. मुलगा बँकेत, वडील माणिकप्पा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. ते शुक्रवारी येणार होते, पण एस.टी. रिकामी मिळाली म्हणून गुरुवारीच आले. ईश्वरप्पा दुकानात, बायका टँकरच्या रांगेत. धोंडप्पा पुढच्या ओट्यावर पट्टी रंधत बसला होता, कारण मागच्या सोप्यात ऊन आलं होतं. अंगात भुशानं भरलेली बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"मिस्त्री, ईश्वरप्पांचं घर हेच का?" माणिकप्पांनी विचारलं.

धोंडप्पानं वर पाहिलं. पिशवीवरच्या नांदेडच्या नावावरून त्याला एकदम उमगलं, हे कोण आहेत. मी मुलीचा बाप, असं ओठावर आलं होतं. पण अशा अवतारात कसं सांगायचं? हे आत बसले की हातपाय धुऊ, सदरा घालू, टोपी घालून समोर जाऊ, म्हणजे पोरीची शोभा राहील, असा त्यानं विचार केला. याच विचारानं त्याचा घात झाला. तो एवढंच म्हणाला, "हाव, हेच. बसा जी," आणि आत जाऊन त्यानं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्या दिवसांत तांब्याभर पाणी ही साधी गोष्ट नव्हती. माणिकप्पा तृप्त होऊन म्हणाले, "लई दिवस जगा मिस्त्री."

कुणीतरी निरोप दिला, ईश्वरप्पा धावत आला. धोंडप्पा आतल्या खोलीत गेला. पेटीतून धुतलेला सदरा काढला, एक हात बाहीत घातला, आणि भिंतीपलीकडून त्याला भावाचा आवाज ऐकू आला.

"पोरीचे आईबाप दोघं बी गेलेत जी. बहात्तरच्या दुष्काळात, जुलाबानं. एका आठवड्यात दोघं. तवापासून मीच वाढवलीय. माझी म्हणा, भावाची म्हणा, एकच."

एका वाक्यात त्यानं भावाला भावजयीशेजारी नेऊन पुरलं. आणि माणिकप्पा काय म्हणाले? "थोर काम केलंत ईश्वरप्पा. आजकाल सख्ख्या भावाच्या लेकराला कोण विचारून राहिलं?"

धोंडप्पानं बाहीत घातलेला हात परत बाहेर काढला. सदरा घडी करून पेटीत ठेवला. बंडी घातली आणि ओट्यावर जाऊन उरलेली पट्टी रंधायला घेतली. पट्टी बिघडली नाही, एवढं सांगायला हवं.

पाहुणे मुलगी पसंत करून गेले. त्या संध्याकाळी दोघे भाऊ बोलले.

"अण्णा, मी मेलो म्हणून सांगितलंत?"

"नाव कुठं घेतलं तुझं? बाप गेला म्हनलं."

"मीच हाय की बाप."

"तीन ठिकाणं मोडली ती कुणामुळं? चौथं मोडायचंय का? मोड. जा, आत्ता जीप कर आन् नांदेडात जाऊन सांग, मी जिता हाय म्हणून. पोरगी जलमभर तुझ्या भुशात बसंल."

माणूस खोटा बोलत असला तर त्याचं बोट दाखवता येतं. पण इथं भाऊ बोलत होता ते अर्धं खरं होतं. धोंडप्पा म्हणाला, "पोरीला इचारा."

जगदेवी ज्वारी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतंच. सुपातून मान वर न काढता ती म्हणाली, "काका म्हणतेत तसं होऊ द्या, अप्पा. लगीन झाल्यावर सांगू की हळूहळू. एकदा घरात रुळले म्हणजे काय करतेत ते?"

हळूहळू या शब्दावर धोंडप्पा पुढचे सहा महिने जगला.

गल्लीचं काय, असं कुणी विचारेल. गल्लीनं तोंडं शिवली. दुसऱ्याच्या पोरीचं लग्न मोडल्याचं पाप कुणाला नको होतं. उलट सगळ्यांना आपण मोठं पुण्य करतोय असं वाटायला लागलं. कुणी धोंडप्पाला रस्त्यात भेटलं की गालात हसून म्हणायचं, "काय मिस्त्री?" गमतीत सुरू झालं ते. पुढे गंमत गेली आणि नाव राहिलं.

दुष्काळानंही ईश्वरप्पाला साथ दिली. लग्न मुलीच्या दारात व्हायचं, पण लातुरात चार दिवसांनी एक टँकर. वऱ्हाडाला पाणी कुठून पाजायचं? माणिकप्पांनीच सुचवलं, लग्न नांदेडात करू, निवडक माणसं घेऊन या. ईश्वरप्पाला तेच हवं होतं. त्यानं एका जीपेत मावतील एवढी, तोंडं बंद ठेवणारी माणसं निवडली. त्या यादीत मुलीचा बाप नव्हता.

तेवढ्यात नांदेडहून पत्र आलं. आमच्यात नवरी मांडवात यायच्या आधी आईवडिलांच्या पाया पडते, माणिकप्पांनी लिहिलं होतं. ते हयात नसतील तर फोटोच्या. मुलीच्या आईचा फोटो तुमच्या घरात बघितला, वडिलांचा कुठं दिसला नाही. असेल तो मोठा करून आणा. बापाच्या आशीर्वादावाचून आमची सून बोहल्यावर चढणार नाही.

माणूस फार चांगला होता. त्याच्या चांगुलपणानंच सगळ्यांची पंचाईत करून ठेवली. घरात धोंडप्पाचा एकच फोटो, तो भावाच्या लग्नातला, आणि त्यातही तो मागच्या रांगेत अर्धा झाकलेला. मग ईश्वरप्पानं भुजंग मास्तरांना गाठलं: कॅनव्हासवर काढा, तिशीतला काढा, कपाळाला विभूती पाहिजे.

मास्तर भडकले. "जित्या माणसाचं हार घालायचं चित्र मी काढीत न्हाई. पाप हाय ते."

शेवटी धोंडप्पा स्वतः त्यांच्याकडे गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "काढा जी मास्तर. पोरगी कुणाच्या तरी पाया पडू द्या." मास्तरांनी काढलं. चार दिवस धोंडप्पा त्यांच्यासमोर स्टुलावर बसला. मास्तर सुरकुत्या गाळत होते, केस काळे करत होते आणि मधेच चिडून ओरडत होते, "मेलेल्या माणसाच्या मानानं लई हलायलास, धोंड्या." दोघंही हसले. मग मास्तर ब्रश ठेवून आत निघून गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

फ्रेमचा विषय निघाला तेव्हा कमलम्मा म्हणाली, "घरात माणूस हाय की. बाहेर कशाला पैसे घालवायचे?"

स्वतःच्या तसबिरीची फ्रेम धोंडप्पानं आठ दिवस केली. वखारीत आलेल्या एका जुन्या दाराचं सागवान त्यानं निवडलं. आणि आयुष्यात कधी नव्हे ती त्यानं लबाडी केली. एरवी तो कोपरे सरसानं कायमचे चिकटवून टाकायचा. गिऱ्हाइकाला परत यायला लागू नये हा त्याचा नेम. या फ्रेमचे कोपरे त्यानं नुसते एकमेकांत बसवले आणि प्रत्येक कोपऱ्यात आतून दोन अशा आठ पाचरी घातल्या, त्याही अर्ध्याच. कापडाला मागून सरसाचा हात जाड दिला. कोरड्या उन्हाळ्यात असलं कापड ताठ राहतं. पण हवेला ओल आली की सरस ती ओढून घेतो आणि कापड सैल पडून झोळ येतो. मग पाचरीला एक ठोका दिला की कोपरा फाकतो आणि कापड परत ताठ. ठोका कुठं द्यायचा, किती द्यायचा, हे फ्रेम करणाऱ्यालाच कळतं. दर पावसाळ्यात नांदेडहून बोलावणं येईल, दर पावसाळ्यात एक पाचर थोडी आत जाईल. आठ पाचरी म्हणजे आठ वर्षं तरी कुठं गेली नाहीत. तोवर हळूहळू सांगून होईलच. आठ वेळा पोरीचं घर बघायला मिळेल, पोरं झाली तर पोरं बघायला मिळतील. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

ही फ्रेम जपून न्यावी लागते, टांगताना मीच पाहिजे, असं सांगून त्यानं जीपेत जागा मिळवली. ईश्वरप्पानं अटी घातल्या. मागे बसायचं. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत ठेवायचं, म्हणजे हा मिस्त्री आपल्यातलाच दिसतो, कुण्या घरातला, असं कुणी विचारणार नाही. पोरीशी बोलायचं नाही. धोंडप्पा सगळ्याला हाव म्हणाला आणि स्वतःला मांडीवर घेऊन नांदेडपर्यंत गेला.

तसबीर मांडवाशेजारी खांबावर, आईच्या फोटोजवळ टांगली, हार घातला. ऐन वेळी वावटळ आली. मांडवाचं कापड फडफडलं, हारासकट तसबीर एका बाजूला कलली आणि माणिकप्पा ओरडले, "मिस्त्री! धरा, धरा!"

धोंडप्पानं पुढे होऊन फ्रेम दोन्ही हातांनी धरली. जगदेवी हिरव्या शालूत आली. तिनं वाकून फ्रेमच्या खालच्या पट्टीला हात लावला. त्याचे अंगठे तिथंच होते. तिची बोटं त्याच्या अंगठ्यांवरून गेली. तिनं वर पाहिलं नाही. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. ईश्वरप्पाही रडला, आणि त्याचं रडणं पाहून नवऱ्याकडची माणसं गहिवरली.

माणिकप्पा उपरण्यानं डोळे पुसत धोंडप्पाच्या कानाशी म्हणाले, "आज हिचा बाप असता तर किती खुश झाला असता, न्हाई का मिस्त्री?"

"झाला असता जी," धोंडप्पा म्हणाला.

जेवणाला त्याला वाजंत्र्यांच्या आणि ड्रायव्हरच्या पंगतीत बसवलं. निघताना ड्रायव्हरबरोबर त्यालाही टॉवेल-टोपी मिळाली. परत येताना जीपेत तो दोन्ही अंगठे मुठीत धरून बसला होता. तिनं ओळखून हात लावला, मुद्दाम लावला, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. फोटोच्या नावानं का होईना, पोरगी आपल्या पाया पडली. त्याला वाटलं, एवढ्यावर पावसाळ्यापर्यंत निघेल.

पंचमीला नव्या नवरीला माहेरी आणतात. ईश्वरप्पानं पत्र टाकलं. उत्तर आलं, तुमच्याकडं पाण्याचे हाल, पोरीला कशाला त्रास, पुढच्या साली बघू. धोंडप्पाला वाईट वाटलं, पण फार नाही. लातुरात पाऊस नावालाच होता. नांदेडला मात्र गोदावरीकाठची ओली हवा. तो रोज मास्तरांच्या भिंतीवरच्या चित्रांना हात लावून बघायचा. कापड सैल पडायला लागलं होतं. त्यानं छोटी हातोडी, दोन जादा पाचरी आणि पट्टी एका पिशवीत बांधून खुंटीला लावली. धुतलेला सदराही त्यातच ठेवला. गौरी-गणपती आले तसा तो पोस्टमनची वाट बघत ओट्यावरच काम करायला लागला.

कार्ड आलं ते ईश्वरप्पाच्या नावावर. ईश्वरप्पानं जेवताना वाचलं आणि मग धाकट्याला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यालाही बहुधा आत कुठंतरी टोचलं असावं. पण तो वाचायचा थांबला नाही.

ती. काकांस जगदेवीचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. लिंगैक्य अप्पांच्या फोटोला पावसानं झोळ आला होता. मामंजी म्हणाले, लातूरच्या मिस्त्रीला बोलावू, तो चांगला माणूस आहे. मीच नको म्हणाले. त्या फ्रेमच्या कोपऱ्यांत पाचरी घातल्या आहेत, कोपरे चिकटवलेले नाहीत. ते दर साली सैल पडणार आणि दर साली माणूस बोलवावा लागणार. म्हणून इथल्याच सुताराकडून पाचरी काढून टाकल्या आणि कापड प्लायवूडवर पक्कं डकवून घेतलं. आता कधीच काही बघावं लागणार नाही. मिस्त्रीला एवढ्या लांब पाठवायची तसदी घेऊ नये.

लिंगैक्य हा शब्द मेलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितात. कार्ड ज्याला लिहिलं त्याला खरं काय ते ठाऊक होतं, लिहिणारीलाही होतं. तरी तिनं तो लिहिला होता, सुवाच्य अक्षरात.

कमलम्मानं विनाकारण ताटात भाकरी वाढली. धोंडप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"अण्णा," तो म्हणाला, "प्लायवूडला मागून आडवी पट्टी मारली का, ते लिहिलंय का बघा. न्हाईतर वाकतंय ते."

ईश्वरप्पानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"न्हाई लिहिलं," तो म्हणाला, आणि हात धुऊन दुकानाला गेला.